बटण दाबलं की उठणारे गडी

१९९५ साल. माझं वय एकोणसाठ. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मी एका टोळीचा मुकादम होतो. टोळी म्हणजे ट्रकातनं आलेला माल पाठीवर घेऊन गाळ्यात रचणाऱ्या माणसांचा मेळ. आणि मुकादम म्हणजे ट्रकावर कोण चढणार, पाठीवर कोण घेणार, गोण्यांची थप्पी कोण लावणार, कुणी कुणाच्या मागं चालायचं, हे सगळं ठरवणारा. माझी शाळा तिसरीत सुटली. पण गोणीखाली आलेला माणूस अजून किती खेपा टिकेल हे मला त्याच्या मानेकडं बघून कळायचं. माझ्या हाताखालचा एकही गडी कधी थप्पीखाली गेला नाही. ही बढाई वाटत असेल तर वाटू दे, खरं आहे.

त्या वर्षी गुडघ्यांनी जाब विचारायला सुरुवात केली. टोळी लेकाच्या हातात द्यायची असं मी ठरवलं. लेक आधी पावणे एमआयडीसीतल्या एका बारक्या कारखान्यात मशीनवर होता. कारखान्याला टाळं लागलं, तसा तो माझ्या टोळीत आला आणि मुकाट्यानं पाठीवर गोणी घेऊ लागला. अंगानं दणकट, डोक्यानं माझ्याहून चलाख, टोळीत कुणाशी वाकडं नाही. मुकादमाकडं एक लोखंडी आकडा असतो, गोणी ओढायचा. आमच्या टोळीतला आकडा माझ्या आधीच्या मुकादमानं माझ्या हातात दिलेला. तो माझ्या लेकाच्या हातात जावा, घरात राहावा, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. बाकी देवाकडं मी काही मागितलं नाही.

आणि मध्येच ते डबडं घरात आलं.

सुनेचा भाऊ बोटीवर नोकरीला. कुठल्याशा परदेशी बंदरावरनं त्यानं ते आणलं आणि सुट्टीत आला तेव्हा भाऊजींना भेट म्हणून देऊन गेला. राखाडी रंगाचं, बारक्या ट्रान्झिस्टरएवढं, हातात मावणारं. वर शेवाळी काच. खाली डाव्या अंगाला फुलीच्या आकाराचं बटण, उजव्या अंगाला दोन गोल. पाठीत चार पेन्सिल सेल.

कोपरखैरण्याला आमच्या कामगार वसाहतीतलं बैठं घर. आम्ही मार्केटातनं दुपारी परत यायचो. मी आंघोळ करून आडवा व्हायचो. लेक जेवला की ते डबडं घेऊन पायरीवर बसायचा. पायरीवरच का, तर त्या काचेला स्वतःचा उजेड नाही. बाहेरनं ऊन पडेल तेव्हाच आतलं दिसणार. ऊन सरकलं की लेक सरकायचा. पायरीवरनं ओट्यावर, ओट्यावरनं तुळशीजवळ, तुळशीजवळनं शेजाऱ्याच्या दारात.

सून एक दिवस पाणी भरता भरता म्हणाली, "आबा, बघितलंत का? ह्यांचं सूर्यफूल झालंय."

मला हसू आलं. ते तेवढंच. त्यानंतर त्या डबड्यापायी मी कधी हसलो नाही.

"काय हाय रं ते?" मी विचारलं.

"गेम आहे आबा. लढाईचा."

"पोरांचा खेळ हाय नव्हं?"

"नाही हो. पोरांना नाही जमणार. धावाधाव नाही यात. डोकं लागतं. हे बघा, चौकोन चौकोन आहेत, पटासारखे. हे आपले गडी, हे त्यांचे. एकदा आपली पाळी, एकदा त्यांची. आपल्या पाळीत आपले सगळे हलवायचे, मग हात बांधून बसायचं."

पाळी हा शब्द त्यानं उच्चारला म्हणून मी थांबलो. आमचं कामही पाळीनं चालतं. ट्रकापासनं गाळ्यापर्यंत माणसं एकामागं एक चालतात, ज्याची जी पाळी ती दिवसभर त्याची. तिथं कुणी कुणाला मागं टाकून पुढं जात नाही. मागच्यानं घाई केली तर पुढच्याचा पाय फळीवरनं चुकतो. म्हणून मला वाटलं, बघू तरी. शिव्या घालायच्या त्या वस्तूला नीट बघून घालाव्यात, असा माझा स्वभाव आहे.

त्यात दोघा-तिघांचे डाव वेगवेगळे ठेवता येतात. लेक गावाला आईकडं गेला होता तेव्हा सुनेनं माझा वेगळा डाव काढून दिला. बटणं दाखवली. काचेवर जी अक्षरं उमटायची ती जपानी आहेत असं तिच्या भावानं तिला सांगितलेलं. मुंगळ्यांची रांग फुटल्यासारखी अक्षरं. लेक दहावी झालेला, मी तिसरीतनं पळालेला, आणि त्या अक्षरांपुढं आम्ही दोघं सारखेच अंगठेबहाद्दर. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पण ज्याला गोष्ट सांगायची आहे त्यानं ती समोरच्याला कळेल अशी सांगावी. एक राजा येऊन बराच वेळ बडबडायचा, एक बाई रडायची, आणि आपण काही न कळता बटण दाबत बसायचं. लढाई कशासाठी चाललीय हे आमच्या घरात कुणालाच कधी कळलं नाही. लेक म्हणायचा, "ते काय करायचंय आबा, मारलं म्हणजे झालं."

चांगलं काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढं मला कुणी अडाणी म्हणायला नको.

जागेची किंमत त्या खेळाला कळते. डोंगराच्या चौकोनावर गडी उभा केला तर त्याला मार कमी बसतो. झाडीत उभा केला तरी तेच. दोन कड्यांमधल्या अरुंद वाटेवर एक ढालवाला घट्ट उभा राहिला की समोरचे चौघे एका वेळी त्याला भिडू शकत नाहीत, एकेकानंच यावं लागतं. हे ज्यानं कुणी रचलं त्यानं कधीतरी गोण्या उचललेल्या असाव्यात. गाळ्याच्या दारात आमचं असंच असतं, दार अडलं की सगळी टोळी अडते. दुसरं म्हणजे त्यात आरडाओरडा चालत नाही. विचार करायला पाहिजे तेवढा वेळ घ्या, समोरचा थांबून राहतो. मार्केटात एक व्यापारी असा थांबला असता तर मी त्याच्या नावानं नारळ फोडला असता. आणि तिसरं, ज्याचं जे काम त्याला तेच जमतं. तिरंदाज जवळनं लढू शकत नाही, घोडेस्वार झाडीत अडकतो, औषधवाली बाई मारू शकत नाही पण तिच्यावाचून बाकीचे टिकत नाहीत. इथवर मला तो खेळ पटला. पटला म्हणजे, मी दोन दुपारी झोपलो नाही.

मग माझा तिरंदाज मेला.

चूक माझी नव्हती. समोरचा कुठवर पोचतो हे कुठंतरी लिहिलेलं असणार, पण ते त्या मुंगळ्यांत. तिरंदाज एकदा चमकला, दुसऱ्यांदा चमकला, आणि त्याच्या जागी रिकामा चौकोन राहिला. पुढच्या लढाईत बघतो तर तो रांगेत नाहीच. त्यापुढच्या लढाईतही नाही. मला बरं वाटलं. गडी मेल्यावर वाईट वाटायचं, पण खेळानं खोटं केलं नाही याचं बरं वाटलं. मी म्हटलं, आहे बाबा, याला अक्कल आहे.

लेक गावाहून आला. मी त्याला माझा डाव दाखवला.

"अहो आबा, तिरंदाज कुठं गेला तुमचा?"

"मेला."

"मग बंद करायचं ना लगेच!"

"म्हंजी?"

"गडी मेला की हे बटण बंद करायचं आणि परत चालू करायचं. लढाई पहिल्यापासनं सुरू होते. तो असतो परत. सगळे असंच खेळतात. तुम्ही तसेच पुढं गेलात? आता काय उपयोग त्या डावाचा?"

"आन त्यो मेला त्येचं काय?"

"मेला कुठं? उठतो की."

मी डबडं त्याच्या हातात दिलं. त्या दिवसापासनं माझं आणि त्या वस्तूचं वाकडं.

माझा डाव पुढं एका पुलावर अडकला. समोर तिरंदाज, माझ्याकडं तिरंदाज नाही. लेक म्हणायचा, पहिल्यापासनं खेळा. मी नाही खेळलो. अडकला तर अडकला. माझा गडी गेला होता, त्याच्यावाचून जेवढं जमलं तेवढं मी केलं. तो डाव अजून त्या पुलावरच असेल.

पण मी बघणं सोडलं नाही. लेक पायरीवर बसला की मी मागं खाटेवर. आणि बघता बघता मला त्या खेळातली खरी खोट दिसायला लागली. त्या खेळात जो मारतो त्याचंच बळ वाढतं. जो उन्हात उभा राहून, मार खाऊन वाट अडवून धरतो, त्याच्या पदरात काही नाही. शेवटचा घाव ज्याचा, सगळं त्याचं. आमच्या टोळीत ट्रकावरनं देणारा, पाठीवर घेणारा, थप्पी लावणारा, सगळ्यांचा वाटा सारखा, आणि म्हणूनच कुणी हलकं काम घेताना लाजत नाही की जड घेताना कुरकुरत नाही. तिथं मात्र लेक काय करायचा, तर एकाच तगड्या गड्याला पोसायचा. बाकीच्यांनी शत्रूला अर्धमेलं करायचं आणि शेवटचा घाव त्या तगड्यानं घालायचा. तगडा आणखी तगडा व्हायचा. मागं राहिलेले मागंच राहायचे, आणि मग त्यांचं एकच काम उरायचं.

"हा काय कामाचा नाही," लेक स्वतःशी बोलायचा. "ह्याला टाकू पुढं. हा पुढं गेला की ते बाहेर येतात."

त्या खेळातले शत्रू असे बेअक्कल की तुम्ही जवळ जात नाही तोवर जागचे हलत नाहीत. कुणीतरी जवळ गेलं की धावून येतात. म्हणून दुबळा गडी पुढं सरकवायचा. तो मार खाणार, शत्रू उघड्यावर येणार, मग आपले तगडे तुटून पडणार. दुबळा वाचला तर वाचला. नाही वाचला आणि पुढं त्याची गरज पडणार असेल, तर बटण.

त्या गड्यांना दम लागत नाही. त्यांच्या घरी कुणी आजारी नसतं. आदल्या दिवशी उपास केला म्हणून कुणाचे पाय थरथरत नाहीत. जिथं सांगाल तिथं जातात, का म्हणून विचारत नाहीत. असल्या माणसांवर मुकादमकी करायला काय लागतं?

हे मी लेकाला एकदा बोललोही. तो डोकं वर न काढता म्हणाला, "आबा, टेन्शन नका घेऊ. गेम आहे तो." आणि वर म्हणाला, "उलट यानं मला टोळी चालवायला शिकवलं. तुम्ही बघालच."

बघण्याची पाळी आली ती अशी.

आमच्या टोळीत रीत होती. नवा मुकादम करायचा तर त्याला एक ट्रक पूर्ण उतरवायला द्यायचा. जुन्या मुकादमानं गाळ्याबाहेर बारदानावर बसून चहा प्यायचा आणि तोंड उघडायचं नाही. ट्रक उतरून झाला आणि म्हातारा गप्प राहिला, तर आकडा नव्याचा. म्हातारा मध्येच बोलला, तर टोळी समजते की नव्याच्या हातात माणसं द्यायला म्हाताऱ्याचं मन धजत नाही. मग त्या माणसाला दुसरा ट्रक मिळत नाही. पुन्हा विचारणं नाही. मलाही असंच तपासलं होतं, आणि माझ्या आधीचा म्हातारा मुकादम बारदानावर बसून फक्त खोकत होता. त्या खोकल्यानं माझा जीव किती वेळा वर-खाली झाला असेल ते मला माहीत.

सकाळी कांद्याचा ट्रक लागला. मी बारदान पसरून बसलो. कपाळाला गंध लावलं होतं. आकडा मांडीवर.

लेकानं माणसं लावली आणि खरं सांगतो, माझी छाती फुगली. ट्रकावर त्यानं एकाऐवजी दोन्ही कडांना देणारे उभे केले. येणारी रांग डावीकडनं, जाणारी उजवीकडनं, दारात कुणाची कुणाशी टक्कर नाही. दारापाशी एक उंच गडी उभा केला, तो गोणी कलली की हात लावायचा. हे त्यानं खेळातल्या त्या अरुंद वाटेवरनंच उचललं होतं, मला लगेच ओळखू आलं. टोळीतले एकमेकांकडं बघून माना हलवत होते. एक जण माझ्या बाजूनं जाताना गोणीखालनं म्हणाला, "मुकादम, तुमचं पोरगं भारीच निघालं की!" मला बोलता येत नव्हतं. मी चहाचा घोट घेतला आणि मिशीवरनं हात फिरवला.

ट्रक निम्म्याहून अधिक उतरला. नव्या थप्पीची जागा भरत आली. पुढच्या गोण्या आतल्या जुन्या थप्पीवर चढवायला लागणार होत्या. ती थप्पी आधीच्या आठवड्यातली. खालच्या थराचा कांदा ओला निघाला असावा, फरशीवर पाणी पाझरलेलं मला बाहेरनं दिसत होतं. खालचा कांदा नासला की गोणी बसते, गोणी बसली की वरची थप्पी कलते. वरनं बघून ते कळत नाही. कुणीतरी चढून, पाय देऊन बघावं लागतं.

लेकालाही ते पाणी दिसलं. तो थांबला. मला आनंद झाला, म्हटलं, दिसलं त्याला.

आता आमच्यात हे ठरलेलं आहे की थप्पीचा संशय आला तर मुकादम स्वतः चढतो. याला कुठला कायदा नाही, पण मी चढलो, माझ्या आधीचा चढला. माणूस कितीही जाडा असो, म्हातारा असो, आकडा ज्याच्या हातात तो चढतो.

लेकानं सगळीकडं नजर फिरवली. ती नजर मी ओळखली. पायरीवर बसून उन्हात तो काचेवर जशी फिरवायचा तशीच. आमच्या टोळीत एक थकलेला गडी होता, माझ्याच वयाचा, माझ्याच तालुक्यातला. दम्यानं त्याची छाती गेलेली. मी त्याला नेहमी जवळची खेप द्यायचो, दारापासनं पहिल्या थरापर्यंतची. लेक त्याला काका म्हणायचा, लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघायला गेलेला.

लेक म्हणाला, "काका, तुम्ही चढा वर. हलतीय का बघा जरा."

"मी?" तो म्हातारा म्हणाला.

"हां. वजनाला हलके आहात तुम्ही. आणि इथं रांगेत पण तुमच्यामुळं थांबायलाच लागतंय."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या कपाकडं बघितलं. रीत होती. त्यानं डोक्यावरचं फडकं नीट बांधलं, थप्पीच्या कडेला हात घातला आणि पहिल्या थरावर पाय दिला. मग दुसऱ्या. त्याच्या घशातनं शिट्टी वाजायला लागली ती मला बाहेर ऐकू येत होती. खाली उभी असलेली माणसं एक पाऊल मागं सरकली. माझा लेकही सरकला.

"उतर खाली!" मी ओरडलो. "उतर! पाय ठेवशील वर तर बघ!"

सगळं मार्केट थांबलं असं नाही म्हणणार, पण आमचा गाळा थांबला. ट्रकावर उभे असलेले गोणी हातात धरून तसेच राहिले. म्हातारा उतरला. माझ्या हातातनं कप कधी पडला ते मला कळलं नाही.

लेक माझ्याकडं बघत होता. कुणीतरी मागनं हळूच म्हणालं, "मुकादम, तुमी बोललासा."

"व्हय. बोललो."

मी आत गेलो. गुडघ्यांना शिव्या देत त्या थप्पीवर मी स्वतः चढलो. थराथरावर पाय आपटला. अगदी वर जाऊन उभा राहिलो.

थप्पी हलली नाही. चांगली घट्ट होती. पाझरलेलं पाणी शेजारच्या गाळ्यातनं आलेलं.

आजही मला भावकीतली माणसं हेच ऐकवतात. थप्पी तर पक्की होती, मग पोराचं वाटोळं कशाला केलंस? ऐकवू देत.

घरी आल्यावर लेक जेवायला बसला, पण ताटाला हात लावेना. सून भाकरी वाढायला आली होती, ती तशीच दुरडी हातात घेऊन उभी.

"पडली का थप्पी?" लेक म्हणाला.

"न्हाई."

"मग का ओरडलात? सगळा ट्रक कसा चालला होता बघितलंत ना? सगळे वाहवा करत होते. एवढ्यासाठी तुम्ही मला टोळीपुढं उघडा पाडलात?"

"तुला म्हाईत होतं का, थप्पी पक्की हाय म्हनून?"

"नव्हतं माहीत. म्हणून तर काकांना चढवलं."

तो बोलून गेला. त्याला स्वतःला काही वावगं वाटलं नाही, तो माझ्याकडं तसाच बघत राहिला. सून मात्र खाली बघायला लागली.

"काकाच का?" मी म्हटलं.

"अहो, कुणाला तरी चढवायलाच लागलं असतं ना! तगडा माणूस चढवला आणि काही झालं तर रांग कोण ओढणार? काका तसेही..." तिथं तो थांबला.

"बोल की. काका तसंबी काय?"

सुनेनं दुरडी खाली ठेवली.

"अहो, असं नका बोलू," ती त्याला म्हणाली. "काकी काल डबा देऊन गेल्यात आपल्याला."

मग लेकाचा आवाज एकदम लहान झाला. "आबा, अजून एक ट्रक द्या मला. एकच. मी स्वतः चढेन, बास? टोळीला तुम्ही सांगा, ते ऐकतील तुमचं. पहिल्यापासनं सगळं नीट करून दाखवतो."

पहिल्यापासनं. तो शब्द ऐकला आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ताटावरनं उठलो, कोनाड्यातलं ते डबडं काढलं, पाठीचं झाकण उघडून चारही सेल काढले आणि माझ्या बॅटरीत घातले. फोडलं नाही. दुसऱ्याची भेटवस्तू होती, फोडायचा मला अधिकार नव्हता. रिकामं डबडं सुनेच्या हातात दिलं. तिला म्हटलं, तुझा भाऊ पुढच्या सुट्टीला आला की परत दे, आणि सांग की वस्तू चांगली आहे, डोक्याचं काम आहे, पण ज्याला माणसांवर हुकूम चालवायचाय त्याच्या हातात ती देऊ नको.

"आणि टोळी?" लेकानं विचारलं.

"टोळी जित्या मानसांची हाय," मी म्हटलं.

मला वाईट वाटलं का असं कुणी विचारलं तर सांगतो, वाटलं. आकडा घरात राहणार नाही हे मला त्या जेवणातच कळलं होतं, आणि मी तो माझ्या तोंडानंच बाहेर घालवला होता. पण तीच थप्पी, तोच ट्रक आणि तोच म्हातारा पुन्हा समोर आला, तर मी पुन्हा ओरडेन. याहून मोठ्यानं ओरडेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा आधी मार्केटात गेलो. टोळी जमली होती. कुणी माझ्या नजरेला नजर देईना. मी आकडा कमरेला खोचला, डोक्याला फडकं बांधलं आणि सांगितलं, दुसरा मुकादम तुम्ही निवडाल तोवर मी आहे. बटाट्याचा ट्रक लागला. पहिली गोणी मी माझ्या पाठीवर घेतली आणि गुडघ्यांना काय म्हणायचंय ते म्हणू दिलं.

लेक मागं येऊन उभा राहिला होता. आला, एवढं मात्र त्याचं मानतो. मी परत येऊन रांग लावली. त्या दमेकरी म्हाताऱ्याला त्याच्या नेहमीच्या जवळच्या खेपेवर घातलं, आणि लेकाचा दंड धरून त्याला त्याच्या बरोबर मागं उभं केलं.

"आजपास्नं तुझी पाळी ह्यांच्या मागं," मी म्हटलं. "त्यांच्या म्होरं जायाचं न्हाई."

म्हातारा गोणी घेऊन निघाला, दोन पावलं टाकली आणि दम खायला थांबला. माझा लेक पाठीवर भरलेली गोणी घेऊन त्याच्या मागं थांबून राहिला.